रद्दीत घालायच्या आधी एकदा कपाट तरी उघडा! वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी पुस्तक बदलायला आलो तेव्हा काउंटरशेजारच्या फळ्यावर तुमची नोटीस बघितली. विज्ञानकथांची दोन्ही कपाटं "कालबाह्य" म्हणून निर्लेखित करून रद्दीत काढणार, कारण काय तर त्यातली भाकितं चुकीची ठरली आहेत आणि त्यामुळे विद्यार्थ्यांची दिशाभूल होते. दोनदा वाचली, मग चष्मा पुसून परत वाचली. कार्यवाहांना भेटलो, ते गडबडीत होते बिचारे, म्हणाले, "काका, त्यात काय राहिलंय आता? दोन हजार सालापर्यंत माणूस चंद्रावर राहायला जाणार असं लिहिलंय त्यात. गेला का?" आणि हसले. मी पण हसलो, कारण त्या वेळेला काही सुचलंच नाही. घरी जिना चढताना सुचलं. तेच इथे लिहितोय, आणि चारचौघात लिहितोय कारण ही पुस्तकं तुमच्या किंवा माझ्या घरची नाहीत, वर्गणी भरणाऱ्या सगळ्यांची आहेत.

आधी माझा संबंध काय ते सांगतो. मी १९७९ ला टेलिफोन खात्यात लागलो, २०१८ ला रिटायर झालो. सुरुवातीला स्ट्रोजर एक्स्चेंज होतं, म्हणजे कोणी नंबर फिरवला की हॉलमध्ये लोखंडी सिलेक्टर खडखड करत वर चढायचे, रात्री गावातले किती लोक जागे आहेत ते नुसत्या आवाजावरून कळायचं. त्या नाइट ड्युटीला डबा आणि या कपाटातलं एक पुस्तक असा माझा नेम होता. पुस्तकात माणूस अवकाशातून घरच्यांशी व्हिडिओफोनवर बोलतोय आणि इकडे आमच्या रजिस्टरमध्ये साध्या काळ्या फोनसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या लोकांची यादी, असं सगळं होतं. म्हणजे भविष्य चुकतं कसं हे मी पगार घेऊन बघितलंय.

तर तुमचा आरोप मला मान्य आहे हे पहिल्यांदा सांगून टाकतो. चुकलेत. ढिगाने चुकलेत. भांडण आहे ते पुढचं, की का चुकले हे न बघताच तुम्ही निकाल दिलात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण घ्या. विज्ञानकथा लिहिणारे इंग्रज लेखक आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक लेख लिहिला (ही कथा नव्हती, पण माणूस तोच), की पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर तीन उपग्रह ठेवले तर ते एका जागी थांबल्यासारखे दिसतील आणि सगळ्या जगाला संदेश पोचवतील. आज तुमच्या गच्चीवरची डिश ज्या दिशेला तोंड करून बसलीये ती याच हिशोबाने. पण त्यांच्या डोळ्यासमोर त्या केंद्रात माणसं राहणार होती, रॉकेटने त्यांचं धान्यपाणी जाणार होतं. का? तर तेव्हाचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्हवर, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्यांवर चालायचं आणि व्हॉल्व्ह उडतो, उडाला की बदलायला माणूस लागतो. ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना वेगळं सांगायला नको, तापायला वेळ आणि उडायला क्षण. मग डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये व्हॉल्व्हचंच काम करणारा, पण इवलासा आणि टिकाऊ ट्रान्झिस्टर निघाला आणि त्या अवकाशातल्या वायरमनची नोकरी जन्माला यायच्या आधीच गेली. १९६४ ला पहिला स्थिर उपग्रह वर गेला तो बिनमाणसाचा. आता मला सांगा, क्लार्क यांचं गणित चुकलं का? कक्षा बरोबर, उंची बरोबर, उपयोग बरोबर. चुकली ती एक वस्तू, जी कोणी शोधलीच नव्हती. आणि गंमत म्हणजे त्या एका वस्तूने अवकाशात माणसं वसवायचं अर्धं कारणच खाऊन टाकलं. १९७५ ला भारताने अमेरिकेचा उपग्रह वापरून खेड्यापाड्यांत टीव्ही दाखवायचा 'साइट' प्रयोग केला, सहा राज्यांतली २४०० गावं होती त्यात, तेव्हा इस्रोच्या इंजिनियर लोकांनी कोलंबोला जाऊन क्लार्क यांच्या घरी डिश बसवून दिली होती. चुकलेल्या माणसाचा आम्ही असा सत्कार केला होता, रद्दीत नव्हता घातला.

आता तुमचा तो चंद्र. १९०३ ला राइट बंधूंचं विमान उडालं, १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला. मधे ६६ वर्षं, म्हणजे एका माणसाचं आयुष्य. त्या काळात कथा लिहायला बसलेल्या माणसाने पट्टी ठेवून रेघ पुढे ओढली तर २००० पर्यंत चंद्रावर वस्ती निघणारच, मी असतो तर मंगळावर बस डेपो काढला असता. एकट्या लेखकांना तरी कशाला धरायचं, अमेरिकेतल्या पॅन ॲम विमान कंपनीने चंद्राच्या तिकिटासाठी चक्क नावं नोंदवून घेतली होती, ९० हजारांच्या वर लोकांनी दिली. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' सिनेमात अवकाश स्थानकाकडे जाणारं यान पॅन ॲमचंच आहे. माणसाचं अवकाश स्थानक आज खरंच वर फिरतंय, पॅन ॲम मात्र डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली! त्याच महिन्यात सोव्हिएत युनियनही संपलं, ज्याचे अंतराळवीर क्लार्क यांनी पुढच्या कादंबरीत २०१० साली गुरूकडे पाठवले होते. रॉकेट टिकली आणि कंपनी गेली, देश गेला. हे कोणी लिहिलं असतं तर संपादकाने 'अतिरंजित' म्हणून परत पाठवलं असतं.

आणि चंद्राचं काम थांबलं ते काही विज्ञान कमी पडलं म्हणून नाही. डिसेंबर १९७२ नंतर चंद्रावर कोणी पाऊल ठेवलं नाही कारण रशियाला हरवून झालं होतं आणि पैसे संपत आले होते. १९६६ ला अमेरिकन सरकारच्या शंभर रुपयांच्या खर्चातले साधारण साडेचार रुपये नासाला जायचे, १९७५ पर्यंत एक रुपया पण राहिला नाही. विमानांचंही तेच. कॉन्कॉर्ड आवाजापेक्षा दुप्पट वेगाने १९७६ ते २००३ प्रवासी नेत होतं, परवडेना म्हणून बंद केलं, आणि आज माझी मुलगी अमेरिकेहून येते ते विमान वेगात १९६० च्या जेट विमानांपेक्षा काही फार पुढे नाही. लेखकाला यंत्र कळतं हो, बजेट मंजूर करणारी कमिटी त्याला कळत नाही. (कमिटी शब्दावर राग मानू नका.)

तिसरी चूक मला माझ्या नोकरीमुळे जास्त जवळची. लेखक एक गोष्ट बदलतो आणि बाकी सगळं घर जसंच्या तसं ठेवतो. हाईनलाईन यांची १९५३ ची एक कादंबरी आहे, त्यात यानं ताऱ्या-ताऱ्यांमध्ये फिरतात, कॉम्प्युटर पण आहे, आणि त्याला आकडे भरवायला नॅव्हिगेटर छापील कोष्टकांची जाडी पुस्तकं उलगडून बसलेत! आसिमोव यांच्या काही कथांतला कॉम्प्युटर वाढत वाढत मैलोगणती लांब होतो, खरा मात्र लहान होऊन विजारीच्या खिशात गेला. त्यांनीच १९६४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये २०१४ साल कसं असेल यावर लेख लिहिला होता, त्यात बोलताना समोरचा माणूस दिसेल हे बरोबर, मंगळावर तोवर फक्त बिनमाणसाची यानं उतरली असतील हेही बरोबर, पण घरातली उपकरणं अणुऊर्जेच्या बॅटरीवर चालतील आणि त्यांना वायर नसेल असंही लिहिलंय. माझ्या घरी सध्या चार्जरच्या वायरींचा जो गुंता आहे तो त्यांना दाखवायला हवा होता. गिब्सन यांच्या १९८४ च्या प्रसिद्ध कादंबरीत लोक मेंदूने थेट नेटवर्कमध्ये शिरतात आणि तिथेच एका रांगेत लावलेले सार्वजनिक फोन एकामागून एक वाजतात, खिशात फोन कोणाच्याच नाही. तेव्हा आपल्याकडे एसटीडी बूथचं पीक अजून यायचं होतं. ते आलं, चौकाचौकात पिवळ्या पाट्या लागल्या, लोकांनी त्यावर पोरांची शिक्षणं केली, आणि पंधरा-वीस वर्षांत ते गेलंही.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, कलकत्त्याहून तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर, येणाऱ्या कॉललाही पैसे. आमच्या एक्स्चेंजमध्ये सगळ्यांचं ठाम मत, मी धरून, की हे डॉक्टर आणि बिल्डर लोकांचं खेळणं आहे. आम्ही तांत्रिक माणसं, आतल्या गोटातली, आणि आमचं भाकीत एवढं साफ आपटलं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. मिस्ड कॉल. जगातल्या कुठल्या विज्ञानकथेत मी मिस्ड कॉल वाचलेला नाही. फोन लावायचा आणि उचलायच्या आत ठेवायचा, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, म्हणजे शून्य पैशात निरोप. हे कुठल्या प्रयोगशाळेत निघालं नाही, आपल्या लोकांनी दर बघून काढलं. यंत्राचा अंदाज एक वेळ येईल, पण ते हातात पडल्यावर आपली माणसं त्याचं काय करतील याचा अंदाज कोणाला येतो! २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा लोक फक्त आठवण म्हणून शेवटची तार करायला रांगेत उभे राहिले, हे तरी कोणी लिहिलं होतं का.

काही चुका मात्र खरंच चुका आहेत, त्या मी झाकणार नाही. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न १८६५ च्या कादंबरीत तीन माणसांना फ्लोरिडातून तोफेने चंद्राकडे उडवतात. नऊशे फूट नळीत तेवढा वेग पकडायचा म्हणजे आतल्या माणसावर स्वतःच्या वजनाच्या वीस हजार पटीच्यावर दाब, चटणीसुद्धा उरणार नाही. पण फ्लोरिडा बरोबर, माणसं तीन बरोबर, परत येताना पॅसिफिकमध्ये पडणं बरोबर. शाळेत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न वाचला नसता तर मी सायन्स साइडला गेलोच नसतो, तोफेचं गणित चुकलंय हे कळायला तरी आधी गणित शिकावं लागलं ना. आणि इंग्रज लेखक एच. जी. वेल्स बघा, १९०१ मध्ये लिहितात की पाणबुडी आतल्या खलाशांना गुदमरवून बुडेल यापलीकडे काही करेल अशी मला कल्पनाच करवत नाही. तेरा वर्षांत महायुद्धात पाणबुड्यांनी जहाजं बुडवली. तोच माणूस १९१४ ला कादंबरीत अणुबॉम्ब लिहितो, शब्द सुद्धा तोच! त्यात पण बॉम्ब विमानातून हाताने खाली फेकतात आणि तो दिवसेंदिवस जळत राहतो, म्हणजे तपशील चूक. पण १९३२ ला लिओ झिलार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने ती कादंबरी वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणुबॉम्बच्या मुळाशी असलेल्या साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली, आणि १९३४ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. तुमच्या नियमाने ते पुस्तक १९३० मध्येच रद्दीत गेलं असतं.

आता तुमच्याविषयीच्या तक्रारी, सरळ सांगतो.

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर सर गेले. तुम्हीच वाचनालयात फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिलो सगळे, भाषणात सांगितलंत की त्यांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, कारण नावावर नंबर नको होता. टाळ्या पडल्या. आणि आता त्यांचीच पुस्तकं असलेलं कपाट चाललंय? त्यांच्या एका कथेत मुंबईत बर्फ पडतो, हिमयुग येतं आणि शास्त्रज्ञ रॉकेटने वातावरणात धातूचे कण सोडून पृथ्वी गरम करायला बघतात. आज आपण उलट्या बाजूने होरपळतोय आणि वर कण सोडून पृथ्वी थंड करता येईल का अशी चर्चा शास्त्रज्ञ करतायत. भाकीत म्हणून ती कथा उलटी पडली. पण हवेशी असा खेळ करावा का आणि कोणी ठरवायचं, हा प्रश्न कॉलेजच्या पोरांपुढे ठेवायला मला तरी त्याहून सोपी मराठी गोष्ट माहीत नाही.

दुसरं म्हणजे तुमचा नियम सगळ्यांना सारखा नाही. त्याच हॉलमध्ये राशिभविष्याची अख्खी फळी आहे, दर वर्षी नवीन घेता, मागच्या वर्षीचं किती खरं ठरलं हे कोणी विचारलं नाही. बाल विभागात नऊ ग्रहांची पुस्तकं आहेत, प्लूटोला २००६ मध्येच यादीतून काढलंय. आणि खऱ्या अर्थाने कालबाह्य झालेली, म्हणजे एमएस-डॉस शिका, विंडोज ९५ तीस दिवसांत, ती मात्र दर्शनी भागात सुखाने नांदतायत. ती काढा की. मी स्वतः टेम्पोत भरायला येतो.

तिसरं, तुमचं म्हणणं की "पाच वर्षांत कोणी पुस्तक नेलं नाही". कसं नेणार? ई-वाचनालयाची टेबलं आणलीत तेव्हा ही कपाटं त्यांच्या मागे गेली, दार अर्धंच उघडतं, किल्ली कुठे आहे ते विचारावं लागतं. आणि त्या टेबलांवरचे कॉम्प्युटर? त्यांच्यावर कव्हर आहे, कव्हरवर धूळ आहे, ड्रॉवरमध्ये विश्वकोशाच्या सीडी आहेत ज्या घालायला आता खाच असलेलं मशीन मिळत नाही. पुढे सगळे सीडीवरच वाचणार असं तेव्हा सभेत सांगितलं गेलं होतं, मी पण हात वर केला होता. आपण सगळ्यांनी मिळून चुकवलेलं भाकीत आहे ते, त्यासाठी कोणी मंडळाला रद्दीत काढा म्हणालं नाही.

मुळात या कथा म्हणजे पंचांग नव्हे. लिहिणारा स्वतःच्या काळात बसून लिहितो, त्यामुळे त्याला त्या काळी काय अढळ वाटत होतं ते त्यात आपोआप उतरतं. चंद्रावरच्या घरात सुद्धा स्वयंपाक बाईच करते, रोबोला चहा मागणारे साहेबच असतात, आणि यानात वायरमन लागतोच. इतिहासाच्या पुस्तकात हे मिळत नाही. आमच्या शेजारची आठवीतली एक पोरगी आहे, तिला मी माझ्याकडचं एक जुनं पुस्तक दिलं होतं, दोन दिवसांनी येऊन विचारते, "आजोबा, हा एवढा शास्त्रज्ञ आहे तर बायकोला फोन करून का सांगत नाही, पत्र काय लिहितो?" मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं की मग आत्ता जे लिहितायत त्यांच्या गोष्टीत काय राहून गेलं असेल. तिची दिशाभूल झालीये असं मला काही वाटलं नाही.

मागण्या जास्त नाहीत. रद्दीची नोटीस मागे घ्या, निदान वार्षिक सभेत विषय येईपर्यंत थांबवा. कुठली पुस्तकं काढणार त्याची दाखल क्रमांकासकट यादी फळ्यावर लावा, आणि प्रत्येकासमोर कारण लिहा, "जुनं" हे कारण चालणार नाही. वाळवी लागलेली, पानं गळालेली जरूर काढा, पण जी मराठीत परत छापली गेली नाहीत ती आधी बाजूला ठेवा, त्यातली पन्नासेक मी स्वखर्चाने बाइंड करून देतो. कपाटं टेबलांच्या मागून पुढे आणा, आणि प्रत्येक पुस्तकाच्या आत पहिलं कधी छापलं ते साल लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, मुलांची दिशाभूल होऊ नये म्हणून एवढं पुष्कळ झालं. चिठ्ठ्या लिहायला माणूस नाही म्हणाल तर मी आहे, अक्षर बरं आहे. आणि यातलं काहीच जमत नसेल तर रद्दीवाला जो भाव देईल त्याच भावाने दोन्ही कपाटं आम्हा सभासदांना द्या, पैसे रोख देऊ, पावती मात्र हवी.

टेम्पो येत्या रविवारी सकाळी येणार असं शिपायाकडून कळलं. मी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता येतोय, बरोबर ती आठवीतली पोरगी आणि तिच्या दोन मैत्रिणी आहेत. कपाटाची किल्ली तेवढी काउंटरवर काढून ठेवा.

आपला,
एक आजीव सभासद
(टेलिफोन खात्यातून निवृत्त)